मॉडेस्टची लाकडं

तळ्यापासून बर्फाळ डोंगरापर्यंतच्या वाटेवर शिकाऱ्यांच्या सात झोपड्या आहेत. कुठलीही उघडा, चुलीशेजारी सुकी लाकडं, ढलप्यांची जुडी आणि काड्यापेटी सापडणारच. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी ती ठेवायची, ही आमची बापजाद्यांची रीत. पण मॉडेस्टने तिचं वेडच घेतलं होतं. दर शरदात तो एकटा सातही झोपड्यांत छतापर्यंत लाकूड रचून यायचा. लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा. हे ऐकलं की मॉडेस्ट तिथून उठून जायचा.

कारण एकोणीस वर्षांपूर्वी चौथ्या झोपडीतली शेवटची ढलपी त्यानेच जाळली होती. गावात हॉकीचे सामने होते, आणि याला पोचायची घाई. चहा ढोसला, लाकडं उद्या आणून टाकू म्हणाला आणि बर्फगाडीवर बसून निघाला. त्याच संध्याकाळी त्याची आत्या रोझाली तळ्याच्या बर्फावर खालून वर आलेल्या पाण्यात फसली आणि भिजल्या हातमोज्यांनी त्या झोपडीत शिरली. बाहेर उणे चाळीस, चुलीशेजारी काही नाही. ओल्या हातांनी तिने बाहेर जाऊन झाड तोडलं. जीव वाचला, उजव्या हाताची चार बोटं गेली. बर्फावर चालायच्या वादीच्या पादुका तिच्यासारख्या विणणारं कोणी नव्हतं. त्या दिवसापासून तिने एकही विणली नाही.

आळ आला सिप्रियनवर. तो आळशी, त्याच वाटेने फिरणारा, मग दुसरं कोण असणार? मी तिकडे गेलोच नव्हतो, असं तो सांगून सांगून थकला. त्याला कोणी शिकारीला बरोबर नेईना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मॉडेस्ट गप्प बसला. आधी भीतीने, मग उशीर झाला म्हणून. आणि लाकडं रचत राहिला, जणू त्याने सगळं फिटणार होतं!

या मार्चमध्ये सिप्रियन गेला. त्याला पुरल्यावर सगळे आगीभोवती जमले. मेलेल्या माणसाचा घास आगीला द्यायचा असतो. मूस हरणाचं मांस, सुका मासा, बॅनक रोटी, सगळं मांडलेलं. तेवढ्यात कोणीतरी पुटपुटलं, देव त्याचं भलं करो, पण मॉडेस्टचा गुण थोडा तरी उचलायला हवा होता.

मॉडेस्टला ते सोसेना. तो रोझालीजवळ जाऊन बसला.

"आत्या, ती लाकडं..."

"तू जाळलीस," ती म्हणाली. तिने मान वळवलीसुद्धा नाही. "तुझ्या बर्फगाडीच्या पट्ट्याचा एक दात तुटका होता. दारातल्या बर्फात उमटला होता तो. मग वाऱ्याने पुसला."

"मग बोलली का नाहीस?"

"भावाचा पोरगा तू. म्हटलं, आज ना उद्या स्वतः येशील. वाट बघत बसले आणि तो बिचारा मेला." तिने उजवा पंजा पुढे केला. "बोटांचं मी केव्हाच सोडून दिलं रे. त्याचं कसं सोडू? त्यात तुझंही चुकलं आणि माझंही."

मॉडेस्टचे डोळे भरले. उद्या सगळ्यांना सांगतो, असं तो म्हणाला. उद्या हा शब्द ऐकून म्हातारी एवढी भडकली की बोटं नसलेल्या हाताने तिने आगीला द्यायच्या घासाची ताटली त्याच्या छातीवरच टेकवली.

"मला काय सांगतोस? त्याला सांग. आत्ता."

मॉडेस्ट उठला. त्याने मूसच्या मांसातला सर्वांत चांगला तुकडा आगीत ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सिप्रियन काका, लाकडं मी जाळली होती."

चरबी तडतडत राहिली. मग रोझाली पुढे आली. तळहात आणि अंगठ्यात कसाबसा माशाचा तुकडा धरून तिने तो आगीत टाकला.

"आणि मला ठाऊक होतं, सिप्रियन," ती म्हणाली.