टोपीवरचा पदर

राजेश्वर गावाच्या पुढच्या द्राक्षमळ्यात जगदेवी पाहुण्यांना वाइन ओतून देते, हे तिच्या सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. घरी सांगितलं होतं, द्राक्षाच्या पेट्या भरते. मळ्यावर पोचलं की साडी बदलायची. काळा शर्ट-पँट, डोक्याला टोपी. शहरातली माणसं वेलींजवळ खुर्च्या टाकून निवांत बसायची, आणि त्यांच्यात वावरणं तिला मनापासून आवडायचं. घरी कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी बंद झालं असतं.

त्या रविवारी ठेकेदार शिवराजच्या जीपमधून तिचा सासरा उतरला, लिंगाप्पा. दिवाळीत चारचौघांसमोर मैलार मल्लण्णाचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा उचलून दारू सोडलेला माणूस. आणि वार निवडला तोही देवाचाच! जोडीदारीण रजेवर, मालक समोर उभा. जायचं तिलाच होतं.

टोपी खाली ओढून तिनं ग्लास भरला. सासऱ्यानं मान वर केली नाही. सुनेला शर्टात शोधणार कोण? द्राक्षाचाच रस की, अशी शिवराजची नि स्वतःची समजूत घालत तो पाय पसरून घुटके घेत होता. दुसराही ग्लास भरून झाला. सुटले बाई, असं तिला वाटतंय तोच तो खाकरला आणि घात झाला. सासरा दारात खाकरला की सुनेनं पदर पुढं ओढायचा, ही लग्नापासूनची सवय. तिचा हात आपसूक टोपीवर गेला आणि नसलेला पदर ओढू लागला.

लिंगाप्पाला ठसका लागला. त्यानं वर पाहिलं आणि ओळखलं. ग्लास तसाच ठेवून तो जीपकडं निघाला.

संध्याकाळी जेवताना त्यानं बायकोला, म्हाळसाबाईला, फर्मावलं, "उद्यापासून जगदेवीला मळ्याला धाडायचं न्हाई."

म्हाळसाबाईनं कारण विचारलं. तो ताटात बघत भाकरी मोडत राहिला. चोराच्या उलट्या बोंबा! जगदेवीच्या अंगाची लाही लाही झाली. आजवर सासऱ्यापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. चुलीपासून ती उठून उभी राहिली.

"कामून न्हाई, ते तुमी सांगता का मामा, का मी सांगू?"

म्हाळसाबाई एकदा नवऱ्याकडं, एकदा सुनेकडं बघायला लागली. लिंगाप्पानं हातातला घास परत ताटात ठेवला.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. "खाडा करणं बरं न्हाई."