फटफटीखालचं उपरणं

मी अमरावतीच्या शाळेत भूमिती शिकवायचो आणि अकोल्याहून आणलेल्या एका जुन्या फटफटीवरून शाळेत जायचो. दोन्हींची ऐट सारखीच. इंग्रजी अमदानीत आमच्या गल्लीत दुसरी फटफटी नव्हती. पण तिच्या इंजिनाच्या झाकणाखालून तेल गळायचं, आणि तेही नेमकं अंगणातल्या ताज्या सड्यावर. एकदा आईनं ते थेंब पुसलेच नाहीत. त्यांचेच ठिपके धरून रांगोळी काढली.

"अर्धं काम तुह्या फटफटीनंच केलं," म्हणाली. "आता हिलेच सून म्हणा!"

बाबा भिक्षुकी करायचे. त्यांना यात विनोद दिसेना. शेंदूरजनाघाटचा एक संत्र्यांचा व्यापारी गाडी घ्यायला टपलेलाच होता. बाबांनी त्याला रविवारी बोलावलं.

"हिच्याखाली माहं धुतलेलं उपरणं हातरीन. एक थेंब पडला का फटफटी त्याची!"

गळतंय म्हणजे ढिलं आहे, हा माझा सिद्धांत. म्हणून झाकणाचे स्क्रू आवळले. गळती वाढली. आणखी आवळले. मग फटीत आईचं पापडाचं पीठ दाबून भरलं. इंजीन तापलं तसा गल्लीभर भाजक्या पापडाचा वास सुटला. समोरच्या वकिलीणबाई खिडकीतून ओरडल्या, "मास्तर, जेवाले कवा येऊ?"

शनिवारी दुपारी झाकण खोललं, पीठ खरवडलं आणि बैठकीतला जाड आरसा उतरवून त्यावर झाकण उपडं ठेवलं. एका कोपऱ्यावर बोट टेकवलं, तर समोरचा कोपरा उचलला गेला! पोरांना सपाट पृष्ठभाग शिकवणाऱ्या माणसानं आवळून आवळून झाकण वाकवलं होतं. शिवाय ते जागेवर बसावं म्हणून कडेला दोन पोलादी खुंट्या असतात. मागच्या खेपेला त्यातली एक उरली, तेव्हा कारखान्यानं जास्तीची दिली असेल म्हणून मी ती खिळ्यांच्या डब्यात टाकली होती. डबा उपडा करून ती हुडकली.

आरशावर पॉलिश कागद पसरला, तेलाचा हात दिला आणि झाकण घासत बसलो. आधी उंच भागच चमकत होते. हळूहळू चमक सगळ्या कडेवर फिरली. खाकी कागदाचं पॅकिंग कापून तेलात बुडवलं, खुंट्या बसवल्या आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो. जोर लावायची हुक्की आली की हात धोतराला पुसायचो. झाकण बसलं, धोतर मात्र गेलं.

रविवारी गल्लीत फेऱ्या मारून इंजीन चांगलं तापवलं आणि गाडी उपरण्यावर उभी केली. व्यापारी ओट्यावर बसला. त्याचा चहा झाला, पान झालं. बाबा सारखे वाकून पाहत होते.

"काय झालं होतं हिले?"

"झाकण वाकलं होतं."

"कोनं वाकवलं?"

"मीच."

"तरीच!"

शेवटी त्यांनी उपरणं उचललं, उन्हात धरलं, उलटसुलट पाहिलं आणि झटकून खांद्यावर टाकलं.

"जा भाऊ," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "पोरानं सोता दुरुस्त केली. आता नाई विकत."

त्या दिवशी मी दाराशीच उभा. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून आत आणायचो आणि फटफटीखाली वाकवायचो.

"काय पाहू मास्तर? इथं तर काईच नाई."

"तेच पाहा!"