हाक

मुरबाडजवळच्या आमच्या गावात धाकट्या बहिणीचं लग्न होतं. ऐन मुहूर्ताला वावटळीने मांडव उडवला. खुर्च्या, पत्रावळी सगळं अस्ताव्यस्त झालं आणि वऱ्हाड परत निघायची भाषा करू लागलं.

“सगळा सावळागोंधळ झाला,” मी रडवेली होऊन म्हणाले.

शेजारी उभी असलेली एक अनोळखी बाई पदर खोचत म्हणाली, “पसारा सामानाचा आसतो गो, माणसांचा नाय. माणसांना नुसती हाक लागते.”

मग तिने खणखणीत हाका मारल्या. म्हातारी माणसं ओसरीवर बसली, तरुणांनी चुली सावरल्या. रागावलेल्या व्याह्यांच्या हातात तिने पाण्याचा हंडा दिला आणि तेही हसत पाणी वाढायला लागले. देवळात लग्न लागलं.

पाठवणीला मात्र सगळ्यांत मोठ्याने ती बाईच रडली. तिला सावरायला मी पुढे झाले.