वजिरापुढचं प्यादं

खेळायला बसण्याआधी ते नखांतली गुलाबी पावडर काडीने काढत. घोड्यांची तोंडं स्वतःच्या राजाकडे वळवून ठेवत. कुणी हसलं की आधी त्याचे दात बघत. चहा पार गार झाल्यावर पीत. आणि समोरचा बराच वेळ गप्प राहिला की विचारत, "आहेस ना?"

काका गेल्या गुरुवारी गेले. लिहिताना जमतं, पण बोलताना माझ्या तोंडी त्यांच्याबद्दल अजून 'करतात', 'म्हणतात' असंच येतं.

ते कवळ्या बनवायचे. दवाखान्यांतून साचे त्यांच्या घरच्या लॅबमध्ये यायचे, काका मेणात एकेक दात बसवायचे, गुलाबी पावडरीच्या हिरड्या घडवायचे. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. आमचा बुद्धिबळाचा क्लब म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. भिंतीवर पाटी होती : 'चाल ज्याची, शांतता त्याची.' काकांच्या थोरल्या भावाने रंगवलेली. त्या पाटीपायी "आहेस ना?"वरून सेक्रेटरी काकांवर खेकसायचे. काका मान डोलवायचे आणि पुन्हा विचारायचे.

मी क्लबात आलो तेव्हा मला एकच सुरुवात येत होती. वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, उंट बाहेर, मग प्याद्यांची भिंत. समोरचा काही का खेळेना. पहिल्याच दिवशी काकांसमोर मी ते प्यादं सरकवलं, उंट काढला. त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुठे शिकलास?"

"मोबाइलवर. सेफ असतं काका."

"सेफ," ते म्हणाले. घड्याळ थांबवलं आणि उठून गेले.

सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. थोरला भाऊ जन्मभर हेच खेळला. क्लबात त्याला गवंडी म्हणत. "काय गवंडी, प्लॅस्टर कधी?" कुणी विचारलं की तो म्हणायचा, "ह्याचा वजीर चिणून झाला की!" काका दर वेळी बरोबरी पत्करायचे. मग एका रविवारी त्यांना फट सापडली. उंट बाहेर पडला की त्याच्या मागचं प्यादं उघडं राहतं. काकांनी आपला वजीर त्या प्याद्यावर रोखला.

भाऊ विचारात पडला. मान खाली, हात कपाळाला. त्याचं घड्याळ चालू. काका मनातून खूश होते, दादा पहिल्यांदाच अडकला होता. कुणी चकार शब्द काढला नाही. चाल त्याची होती. वेळ संपला तेव्हा सेक्रेटरी सांगायला गेले. भाऊ केव्हाच गेलेला होता.

"आम्ही सगळे तिथेच बसलो होतो रे," सेक्रेटरी म्हणाले.

त्यानंतर काका माझ्याशी खेळले नाहीत. मी काहीबाही लिहितो म्हणून मला साहित्यिक म्हणत, तेवढंच. जायच्या आदल्या आठवड्यात मात्र स्वतःहून म्हणाले, "साहित्यिक, रविवारी लॅबमध्ये ये. तो डाव पुरा करू. तू दादाकडून बस."

"मला झेपेल का काका?"

"तुला कशाला, मला झेपायला हवं. तू घाई करू नकोस. आणि मी काही विचारलं तर उत्तर देऊ नकोस."

मी गेलो तेव्हा पट मांडलेला होता. मांडणीवर कवळ्या आ वासून बसल्या होत्या. काकांनी माझं घड्याळ सुरू केलं.

मी खरंच विचार करायला लागलो. प्यादं राखायचं कसं? माझी मान खाली गेली. थोड्या वेळाने लक्षात आलं, हातही कपाळाला गेलाय. तो मी नेला नव्हता. काढावासा वाटला, पण निघेना. समोर काकांचा श्वास भरभर चालला होता. एकदा त्यांची खुर्ची करकरली. मी वर पाहिलं नाही. ते बोलले नाहीत.

शेवटी मी माझा वजीर त्यांच्या वजिरासमोर आणून ठेवला.

काकांनी केवढा तरी श्वास सोडला. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"दादा हेच खेळला असता," ते म्हणाले.

"मग घेताय का वजीर?"

"अरे, आता चाल माझी आहे! करू दे की विचार सावकाश. पुढच्या रविवारी ये." ते हसत होते. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

काल काकूंना भेटायला गेलो. लॅबचं दार उघडून त्या म्हणाल्या, "हे आवरू का रे?"

मी पटाकडे पाहिलं. दोन्ही वजीर समोरासमोर होते. घ्यायचा की मागे न्यायचा, ते काकांचं ठरवायचं राहिलं.