नीलम्माच्या नवऱ्याचं मत

सोलापुरात मार्शल लॉ उठून पाच वर्षं होत आली होती, तरी साखर पेठेतली माणसं सरकारी कागद दिसला की दार लोटून घ्यायची. एक नीलम्मा तेवढी उलटी. भिंतीवर नोटीस चिकटली की हातातलं काम टाकून ती तिथं उभी राहायची आणि पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचायची.

तिचा धंदा फण्या बांधायचा. हातमागावर ताण्याचे धागे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून वेताच्या बारीक काड्यांची फणी लागते, ती. मूळ काम नवऱ्याचं, चनबसप्पाचं. तो पटकीनं एका दिवसात गेला. भावकीनं दुकान मोडायला सांगितलं, पण नीलम्मानं तेराव्या दिवसानंतर त्याच्या जागेवर बैठक मारली. माहेरी बापानं कानडी शिकवलं होतं. मराठी ती वर्तमानपत्रावरून आपलं आपण शिकली. दुपारी विणकर फणी न्यायला आले, की आधी बातमी ऐकायची आणि मग माल मिळायचा. कौन्सिलात काय ठरलं, आपल्या वॉर्डाचा मेंबर सभेला हजर होता की नाही, सगळं तिला ठाऊक.

आणि मेंबर हजर नव्हता, हेच तिचं दुखणं. मेंबर मल्लिकार्जुनशेट तीन वर्षांत सभेत दोनदाच बोलले होते, एकदा सत्काराला आणि एकदा आभाराला. गल्लीला मंजूर झालेला नळ त्यांच्या मेव्हण्याच्या बोळात बसला. बायका दोन फर्लांगावरून पाणी आणत होत्या.

"यंदा बघतेच की त्याला," नीलम्मा म्हणाली. म्युनिसिपालटीची निवडणूक लागली होती आणि मतदारांची यादी बाहेर आली होती.

यादीत तिनं आपलं घर शोधलं. घर होतं. त्यापुढं नाव होतं चनबसप्पाचं. चार वर्षं मातीखाली असलेला माणूस मतदार, आणि दर साली घरपट्टी भरणारी बाई कुठंच नाही.

ती तशीच कचेरीत गेली. कारकून पान खात होता.

"यादी घरपट्टीच्या वहीवरनं होते, बाई. वहीत तुमच्या मालकाचं नाव आहे."

"मालक वारल्याचा अर्ज मी तवाच दिलाय. पोच हाय माझ्यापाशी."

"अर्ज सापडत नसेल. नवा द्या."

तिनं नवा दिला. आठ दिवसांनी गेली, तर साहेब फिरतीवर. पुन्हा गेली, तर कागद वरच्या टेबलावर. तिसऱ्यांदा गेली, तेव्हा कारकून हसत म्हणाला, "मुदत संपली की हो काल! आणि बाईमाणसाला मत हवंय कशाला?"

"पट्टी मागायला शिपाई येतो तवा नीलम्मा म्हणून हाळी देतो," ती म्हणाली. "तवा बरी बाईमाणूस चालती तुमास्नी!"

कचेरीतली चार माणसं हसली. ती माणसं कारकुनाला हसली की आपल्याला, हे नीलम्माला कळलं नाही. घरी येईपर्यंत तिचे कान तापले होते.

मतदानाच्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं आणि शेजारच्या सोनाबाईला घेऊन शाळेत गेली. मत नव्हतं, पण कोण येतं, कोण जातं हे बघायला तर बंदी नव्हती. व्हरांड्याच्या कडेला दोघी उभ्या राहिल्या. रांग सरकत होती. आतून नाव पुकारलं गेलं.

"चनबसप्पा, फणीवाले!"

नीलम्मानं झटकन वळून बघितलं. चार वर्षांत ते नाव असं कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आणि रांगेतून पुढं झाला तो मेंबराच्या वखारीतला हमाल, तिप्पण्णा. नवा पटका बांधलेला, मान खाली.

तिनं पदर खोचला आणि सरळ खोलीत शिरली.

"ह्यो चनबसप्पा?" ती ओरडली. "मग इतकी वर्षं कुटं होता, धनी? तुमास्नी मी माझ्या हातानं माती दिली. चला की घरी! तुमच्या फण्या बांधून माझ्या बोटांची सालं निघाली!"

रांगेत हशा पिकला. तिप्पण्णा घामाघूम झाला. पण टेबलामागचा अधिकारी हसला नाही.

"बाई, तुमचं नाव यादीत आहे?"

"न्हाय. त्येच तर सांगतीया..."

"मग तुम्हाला इथं उभं राहता येणार नाही. हरकत उमेदवाराच्या माणसानं घ्यायची असते."

दुसऱ्या उमेदवाराचा माणूस चहा प्यायला गेला होता. शिपायानं नीलम्माचा दंड धरला. जिवंत बायको बाहेर काढली गेली आणि मेलेल्या नवऱ्यानं मत टाकलं. पायरीवर तिप्पण्णा तिच्याजवळून गेला तेव्हा पुटपुटला, "अक्का, पोटाचा सवाल हाय. माफी करा."

"तुझ्यावर न्हाय रे राग माझा," ती म्हणाली. मल्लिकार्जुनशेट सव्वीस मतांनी निवडून आले आणि गुलाल उडवत त्याच गल्लीतून गेले.

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठून तिनं वर्तमानपत्र उघडलं. मुंबई इलाख्याच्या असेंब्लीची निवडणूक येणार होती. त्या निवडणुकीच्या नव्या नियमांत एक बारीक ओळ होती: लिहिता-वाचता येणाऱ्या बाईलाही मत, मात्र अर्ज तिनं स्वतः करायचा. नीलम्मानं ती ओळ चारदा वाचली आणि सोनाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पाटी हाय का घरात?"

त्या वर्षी फण्यांच्या दुकानात दुपारी अक्षरं गिरवली जायची. सोनाबाई, गिरिजाबाई, विणकरांच्या घरच्या तेलुगू बायका, अकरा जणी झाल्या. काहींचे नवरे कुरकुरले. नीलम्मानं त्यांना सांगितलं, "फणी पायजे का? मग बायकूला धाडा."

अर्ज तपासायला मामलेदार कचेरीत साहेब बसले. नीलम्मामागून अकरा बायका एकदम आलेल्या बघून ते चमकले. त्यांनी सोनाबाईच्या हातात एक सरकारी हुकूम दिला. "वाच."

'उपरिनिर्दिष्ट', 'तत्संबंधी', असले शब्द. सोनाबाईची बोबडी वळली. साहेबांनी अर्जावर फुली मारायला लेखणी उचलली.

"थांबा, साहेब," नीलम्मा पुढं आली. "ह्यो कागद तुमच्या शिपायाला तरी वाचता येतो का? त्येला मत हाय न्हवं? वाच रं बाबा."

शिपाई कागद घेऊन उभा राहिला. पहिल्याच शब्दाला अडखळला, दुसऱ्याला थांबला, तिसऱ्याला घाम पुसू लागला. साहेबांचा चेहरा लाल झाला. शेवटी त्यांनी कागद परत घेतला आणि टेबलावरचं वर्तमानपत्र पुढं सरकवलं. सोनाबाईनं बोट ठेवून, थांबत थांबत पाच ओळी वाचल्या आणि खाली आपलं नाव लिहिलं. वाकडं होतं, पण पुरं होतं. नीलम्माचा अर्ज आणि अकरांतल्या नऊ जणींचे अर्ज मंजूर झाले. दोघींचे तेलुगू वाचता येतं, मराठी अजून नीट नाही, म्हणून फेटाळले. त्या दोघींसाठी नीलम्मा कलेक्टरापर्यंत भांडली आणि हरली. ते शल्य तिनं कधी लपवलं नाही.

सदतीस साली त्या दहा जणी रांगेत उभ्या राहिल्या. नीलम्माचं नाव अधिकाऱ्यानं पुकारलं, तेव्हा ती दचकली, मग आत गेली. मत कुणाला दिलं, हे तिनं सोनाबाईलाही सांगितलं नाही.

निवडून आलेला आमदार महिन्यानं हारतुऱ्यांसाठी साखर पेठेत आला. तरुण वकील होता, हात जोडून हसत होता. नीलम्माच्या दुकानापुढं हार नव्हता. घोंगडी अंथरली होती.

"बसा," ती म्हणाली. "असेंब्लीत तोंड उघडनार का न्हाय, त्ये आदी सांगा. मग पान्याचं बोलू."

वकील बसला. दोन प्रश्नांत त्याचं हसू मावळलं, चौथ्याला त्यानं खिशातून टिपणवही काढली. तासाभरानं तो अंग सावरून उठू लागला.

"बसा की," नीलम्मा म्हणाली, "सोनाबाईचं अजून राहिलंय."