शेवंतीवर टाकलेलं जाळं

आमगावच्या पलीकडे, रेल्वे लाइनला लागून आमचं गाव. गावातल्या बाया घरामागच्या सांदवाडीत वांगी लावतात, वालाचे वेल चढवतात. मी फुलं लावते. सासू जिवंत होती तोवर म्हणायची, "फुलं का शिजवून खाशीन?" सासू गेली, फुलं राहिली. पावसाळ्यात तेरडा आणि गुलबक्षी, दिवाळीला झेंडू, थंडीत शेवंती, ऊन तापलं की मोगरा. कोणता महिना चालू आहे ते मला वाडीत गेल्यावर कळतं. बाहेरचं दुसरं काही कळायची सोयच उरलेली नाही.

माझ्या नवऱ्याला लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. राईस मिलमध्ये मशीनपाशी उभं राहण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस बाजेवर आडवा झाला. बोलणंही गेलं. "हो", "नाही" आणि "चहा", एवढंच काय ते तोंडातून निघायचं. मागच्या पडवीत मी त्यांची बाज टाकली, वाडीकडे तोंड करून, म्हणजे दिवसभर डोळ्यांना काही तरी दिसत राहील. फुलांचं त्यांना कधीच काही नव्हतं. त्यांना पाखरांचं वेड. बुलबुल आला की डावा हात उचलायचे. फुलचुखी जास्वंदीत चोच घालायला आली की तोंडातला घास चावायचंही विसरायचे, आणि मी पुढचा घास हातात धरून ताटकळत बसायची.

लोकांना वाटतं नवऱ्याची सेवा म्हणजे पुण्य. वाटू दे. मी अडकले होते, सरळ सांगते. सकाळी अंग पुसा, कपडे बदला, भरवा, कुशीवर वळवा, पुन्हा भरवा. बरं, खायचे ते माझ्याच हातचं. शेजारी थोरली चुलत जाऊ राहते, जिवाला जीव देणारी बाई. ती कितीदा म्हणाली, "जाऊन ये ना कुठं, मी आहो ना इथं." पण तिनं घास पुढं केला की हे ओठ मिटून घेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. गाडीची शिटी झाली की माझं डोकं फिरायचं. मोरीत भांडी आदळत मी मोठमोठ्यानं बोलायची, "पिंजऱ्यात टाकलं मले या माणसानं. फुलं तरी काऊन लावते मी, कोणासाठी?" मोरी आणि पडवी यांच्यात एक भिंत. शब्दांबरोबर त्यांची समजही गेली असं मी धरून चालले होते.

यंदा शेवंतीला कळ्या धरल्या आणि वांदरांची टोळी आली. एका सकाळी अर्धा वाफा साफ. मी काठी घेऊन धावले तर एक दांडगं वांदर कौलावर बसून माझ्याकडे बघत कळ्या चावत राहिलं. तेव्हाच ठरवलं. तलावावर मासोळ्या धरणाऱ्या बाईकडून जुनं जाळं आणलं, चारी बाजूंनी बांबू रोवले आणि अख्ख्या वाफ्यावर जाळं ताणून टाकलं.

आमच्याकडे नवं धान घरात आलं की लोंब्यांचा झुपका विणून बाहेर टांगतात. पहिला घास पाखराचा. तो झुपका दरवर्षी हे विणायचे, असा घट्ट की चिमण्या महिनाभर लोंबकळल्या तरी सुटायचा नाही. यंदा मी विणला, वाकडातिकडा. पण बाहेर टांगला तर वांदरं पळवतील, म्हणून मी तो जाळ्याच्या आत टांगला, त्यांच्या बाजेच्या अगदी समोर. काय ती माझी अक्कल! चिमण्या यायच्या, बांबूवर ओळीनं बसायच्या, खाली लोंब्यांकडे बघून कलकलाट करायच्या आणि उडून जायच्या. जाळ्याला बिचकून बुलबुल यायचा थांबला, फुलचुखीही दिसेना.

शेवंती मात्र अशी फुलली की काय सांगू. पिवळीधम्मक, पांढरी, मधेच एक तांबूस. मी हरखून म्हणायची, "पाहा ना, अशी कधी फुलली होती का?" ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. जेवणही कमी झालं. मला वाटलं थंडी बाधली.

त्याच सुमारास दरेकशाहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न. मला मूलबाळ नाही, बहीण बाळंतपणात आजारी पडली तेव्हापासून ही पोरगी माझ्याच मांडीवर वाढली, चालायला माझ्याच घरी शिकली. बहीण म्हणाली, "बाई, हळदीले तरी ये. पोरगी म्हणते, मोठी आई नाही आली तर हळद लावून नाही घेत." मी नाही जमत म्हणाले आणि फोन ठेवला. मग मोरीत जाऊन पातेली आपटली. "माझ्या पोरीची हळद, अन् मी इथं सडून राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाताची पेज काढत होते, तर मागून खणखण ऐकू आली. हे स्टीलचा गिलास बाजेच्या लाकडी पाटीवर आपटत होते. "येऊन राहिली ना! चहासाठी काऊन जीव घेता?" म्हणत मी गेले. त्यांचा डावा हात वाडीकडे होता. पाहते तर एक चिमणी खालच्या फटीतून आत शिरलेली, बाहेर पडताना जाळ्यात गुंतलेली. उलटी लटकून फडफडत होती, पायाला नायलॉनचा दोरा करकचून बसलेला.

मी कात्री आणली. एक दोरा कापला की दुसरा आवळायचा. शेवटी जाळ्याचा तुकडाच कापला आणि ओंजळीत धरून तिला पडवीत आणलं. त्यांनी डावा हात पुढं केला. मी चिमणी त्यांच्या हातावर ठेवून उरलेला दोरा सोडवला. ती चोच उघडी टाकून धापा घेत बसली. आणि हे म्हणाले, "जा."

लकवा झाल्यापासून हा शब्द मी ऐकला नव्हता. चिमणी उडाली, जास्वंदीवर बसली, तिथून कौलावर. मी हसले. तर त्यांनी त्याच हातानं माझा दंड धरला आणि मला ढकललं. "जा."

"गेली ना ते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुन्हा ढकललं, रेल्वे लाइनच्या बाजूला. "तू. जा."

भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं यांनी. पिंजरा, सडणं, सगळं. मला लाज वाटली आणि रागही आला, की समजत होतं तर इतके दिवस मला बोलू का दिलं. पण थांबवणार तरी कोणत्या शब्दानं?

त्याच दिवशी मी सगळं जाळं कापून काढलं. हळदीच्या दिवशी जावेला त्यांच्यापाशी बसवून सकाळच्या गाडीनं निघाले. खिडकीतून डोंगर दिसायला लागला आणि मला गाणं म्हणावंसं वाटलं. पोरीनं मला पाहिलं आणि पाटावरून उठून गळ्यात पडली. मी तिला हळद लावली, कोपरापर्यंत माझे हात पिवळे झाले. बहीण म्हणाली, "आता उद्या लग्न लावूनच जा." मी हो म्हणाले. मग जेवायच्या पंगतीत घास उचलला आणि यांचे मिटलेले ओठ आठवले. दुपारच्या गाडीनं परत आले.

घरी येऊन पाहते तर बाज मागच्या पडवीत नव्हती. समोरच्या ओसरीवर होती, रस्त्याकडे तोंड करून.

जाऊ म्हणाली, "अवं, तू गेली अन् त्यानं गिलास आपटणं चालू केलं. शेवटी गडी बोलावून बाज इथं आणली, तवा शांत झाला. मागं वांदरायनं सारी शेवंती खाल्ली, तिकडं त्यानं पाह्यलंच नाही."

"जेवले?"

"ओठच नाही उघडले."

मी भात कालवून आणला. नखांत हळद तशीच होती. ते भराभर जेवले, लहान पोर जेवतं तसे. मी म्हणाले, "उद्या पोरीचं लग्न आहे."

"जा," ते म्हणाले.

डाव्या मुठीत माझा पदर होता. तो मात्र त्यांनी सोडला नाही.