गाडीच्या काचेखालचा तंगूस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढेही नाही — देवापुढे मी साधारणपणे बढतीचंच बोलतो. तुमचं-माझं काही नातं नाही, आखाडाला तुम्ही माझ्या सासुरवाडीला जेवायला यायची भीती नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मला लोक नेहमी एक प्रश्न विचारतात. घरात जुना तंगूस पडलाय, चालेल का अजून? तंगूस म्हणजे गळाला बांधतात तो नायलॉनचा दोरा. मी सुप्याला एका कंपनीत क्वालिटीला आहे. माल ओढून बघायचा, वाकवून बघायचा आणि तोंड वाकडं करून नापास करायचा, हा माझा धंदा. त्यामुळे उत्तर तयार असतं. डब्यात, अंधारात राहिला असेल तर बघू. उन्हात राहिला असेल तर फेका. बोटातून फिरवा, खरखरीत लागला किंवा पांढुरका दिसला तर फेका. एक साधी गाठ मारून झटका द्या, पट्कन तुटला तर आजच फेका, उद्याची वाट बघू नका. लोक म्हणतात, साहेब, तुमचा अभ्यास दांडगा आहे.

अभ्यास कसला? — सांगतो. पण आधी मामांविषयी सांगू द्या. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात.

मामा नेवासा तालुक्यातले, धरणाच्या फुगवट्याच्या काठावरचे. शेती आहे, दोन म्हशी आहेत, पण माणसाचा जीव पाण्यात. आणि गावात त्यांचं नाव कशाला असेल तर त्यांच्या गाठीला. गळाला तंगूस बांधायची त्यांची एक पद्धत होती — पाच वेढे, मग टोक मागून आत, थुंकीनं ओलं करायचं आणि डोळे मिटून ओढायचं. डोळे का मिटायचे? मी एकदा विचारलं, तर म्हणाले, बोटाला दिसतं त्ये डोळ्याला दिसत न्हाई. गावातली पोरंटोरं काय, चांगली पिकल्या मिशांची माणसंसुद्धा गळ घेऊन त्यांच्या ओट्यावर यायची. मामा, तेवढी गाठ मारा. मामा खूश. चहा वर त्यांचाच. त्या हाताचं नाव मी घालवलं. एका दिवसात, भर दुपारी, हसत-खेळत.

लग्नानंतरचा पहिलाच आखाड होता. श्रावण लागायच्या आधी जावयाला बोलवून खाऊ-पिऊ घालायचं, ही रीत तुम्हाला माहीत आहेच. तिकडे आखाडाला बोकड असतोच, पण मामांचा हट्ट असतो की जावयाच्या ताटात स्वतः धरलेला मासा पडला पाहिजे. आता नव्या जावयाचा तो थाट काय सांगू! मी नुसता खोकलो तरी तीन माणसं पाणी घेऊन उठायची. मी भात सांडला तर म्हणायचे, पाट वाकडा होता. एवढा मान मिळाला की माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं का? माझं नाही राहिलं.

सगळे काठावर गेलो. मेव्हणा बाळू, त्याचे दोस्त, बायका, चूल, पातेली — जत्राच. मामांचा तंगूस पाण्यातल्या बाभळीच्या खोडाला अडकला आणि तिथंच राहिला. बाळू म्हणाला, घरून दुसरा आणतो. तेव्हा मी बोललो. माझ्या गाडीत आहे की! नगरहून आणलेला, खास. रेडा बांधला तरी तुटायचा नाही.

तो तंगूस लग्नाच्या कितीतरी आधीचा. गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेला. तिथं का? — लोकांना दिसावा म्हणून. कंपनीच्या मैदानात गाडी उभी असायची, सावलीचं नाव नाही, आणि येणारा-जाणारा विचारायचा, काय साहेब, मासेमारीचा नाद वाटतं? मी म्हणायचो, आहे थोडासा. खरं सांगायचं तर तोवर मी एक चिलापीसुद्धा धरली नव्हती. उन्हाळ्यामागून उन्हाळे तो तिथं भाजत होता आणि मी भाव खात होतो.

मामांनी तो हातात घेतला, बोटातून फिरवला, जरा थांबले. मला वाटतं त्यांच्या बोटाला दिसलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की लई दिसाचा हाय का? मी म्हणालो, छे हो. आणि जावयाच्या वस्तूला नाव कोण ठेवणार? त्यांनी गाठ मारली. डोळे मिटून.

मग कटला मासा लागला. काय सांगू तुम्हाला! आधी मामांच्या हाताला एक जड हिसका बसला, मग तंगूस सरसर पाण्यात चालला, आणि काठावरची सगळी जत्रा उभी राहिली. बायका चूल सोडून धावल्या. मामा गुडघाभर पाण्यात, धोतर भिजलेलं, तोंडावर लहान मुलासारखं हसू. सोडायचा, ओढायचा, परत सोडायचा. एकदा तो वर आला — त्याची पाठ दिसली, काळसर, पाटावरवंट्यातल्या पाट्याएवढी रुंद. बाळू नाचायला लागला. मीही नाचलो. आयुष्यात एवढा आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

आणि हिसका गेला. तंगूस सैल पडला.

मी सगळ्यात जवळ होतो, मीच दोरा ओढून आत घेतला. आता इथं लक्ष द्या. गाठ सुटली तर तंगुसाचं टोक कुरळं होतं. दोरा तुटला तर टोक सरळ राहतं. टोक माझ्या मुठीत आलं, ते सरळ होतं. मी सगळ्यांकडे पाठ केली, ते टोक नखावरून दोनदा कसकन ओढलं — नायलॉन असा ओढला की कुरळा होतो — आणि वळून सगळ्यांना दाखवलं.

"गाठ सुटली, मामा," मी म्हणालो.

"सुटली? माझी?"

क्वालिटीचा माणूस म्हणतोय, वर जावई म्हणतोय. अपील कुठं करणार? मामांनी ते टोक बघितलं आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग मोठ्यानं हसले, म्हणाले, म्हातारा झालो आता, चला जेवायला. आणि सगळे हसले. जेवण फार छान झालं. मीच तेवढा जास्तीची भाकरी घेऊन जेवलो.

तेव्हापासून आमच्या घरात 'मामांची गाठ' हा एक विनोद होऊन बसलाय. कुणाची बुटाची लेस सुटली, मामांची गाठ. टेम्पोवरची ताडपत्री उडाली, मामांची गाठ. बाळूच्या लग्नात उपरण्याला शालूची गाठ मारायची वेळ आली तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, मामांना लांब ठेवा रे, नाहीतर नवरी निघून जाईल. मांडवभर हशा पिकला. मामा सगळ्यांत जास्त हसले. त्यांनी पुढे केलेला हात मात्र हळूच मागे घेतला, आणि ते मी बघितलं. गळ घेऊन ओट्यावर येणारी माणसं आता येत नाहीत. मामा स्वतःचा गळसुद्धा स्वतः बांधत नाहीत. मी जाईपर्यंत तो खुंटीला लटकवून ठेवतात.

"पाव्हणं, तुमीच मारा," म्हणतात. "ह्या हातांचा आता भरवसा न्हाई."

आणि मी मारतो. त्यांचीच गाठ, पाच वेढे, टोक मागून आत. त्यांनीच शिकवली, मोठ्या मायेनं, माझी बोटं धरून.

तुम्ही म्हणाल, घाबरला असेल, तोंडून निघून गेलं असेल. मीही स्वतःला तसंच सांगत आलो. पण ते खरं नाही. त्या दिवशी गाडीतून तंगूस काढताना मी तो ओढून बघितला होता. सवयच ना हाताची! हातभर दोरा दोन मुठीत धरला आणि ताणला. वाळक्या गवतासारखा तुटला. मी तो तुकडा सीटखाली सारला, आतला दोरा चांगला असेल म्हणालो, आणि आतला ओढून बघितला नाही. बघितला असता तर नापास करावा लागला असता — आणि सगळी माणसं काठावर माझीच वाट बघत होती.

यंदाच्या आखाडाला पुन्हा सगळे काठावर होतो. तंगूस कोरा, गाठ माझी. मामांच्या गळाला रोहू लागला, चांगला मोठा, आणि या वेळी तो काठावर आला. मामा चिखलात बसून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाळूनं शिट्ट्या मारल्या, बायकोनं माझ्या पाठीवर धपाटा घातला, सासूबाई म्हणाल्या की आज तेल जास्त घालते. मामा उठले, चिखलाच्या हातानं माझा हात धरला आणि सगळ्या गावासमोर उंच केला.

"ह्यो हात बगा," म्हणाले. "ह्या हाताची गाठ हाय. माजी नव्हं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात खाली घेतला नाही. तिथंच उभा राहिलो, हसत, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी अगदी सुखात होतो.

त्यांची गाठ सुटली नव्हती.